मुखपृष्ठाचे चित्र कोणाचे?

१९५५ साली न्यूयॉर्कमध्ये वीस डॉलरचा एक व्यवहार झाला. फ्रँक फ्राझेटा या सत्तावीस वर्षांच्या चित्रकाराने बक रॉजर्स या अंतराळवीराच्या कॉमिकसाठी एक मुखपृष्ठ काढले होते. ते फार हिंसक आहे, असे ठरून परत आले. ईसी कॉमिक्सचे मालक विल्यम गेन्स यांना मात्र ते पसंत पडले आणि थोड्या फेरफारानंतर ‘विअर्ड सायन्स-फँटसी’च्या २९व्या अंकासाठी त्यांनी ते मागितले. त्यांचा नेहमीचा दर साठ डॉलर होता. त्या साठ डॉलरांत चित्रही त्यांचे आणि चित्रावरचे सर्व हक्कही त्यांचे. फ्राझेटाने चाळीस डॉलर पत्करले, एकदा छापण्याची परवानगी दिली, आणि मूळ चित्र व हक्क स्वतःकडे ठेवून घेतले. हातातोंडाची गाठ कशीबशी पडणाऱ्या तरुणाने एकतृतीयांश मोबदला सोडून द्यावा, ही गोष्ट त्या धंद्यातल्या अनेकांना तेव्हा वेडेपणाची वाटली असल्यास नवल नाही.

मुखपृष्ठे रंगवणाऱ्या चित्रकारांच्या अनुभवांकडे सामान्यतः कलेच्या किंवा रंजनाच्या दृष्टीने पाहिले जाते. पिळदार नायक, ड्रॅगन, चेटकिणी, उडणारे वीर यांची चित्रे काढणारा माणूस ही बहुतेकांच्या लेखी कौतुकाची पण दुय्यम गोष्ट असते. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र या व्यवसायात एक मूलभूत प्रश्न अगदी उघडा दिसतो. कलावंताला मिळणारे पैसे ही त्याच्या श्रमाची मजुरी आहे, की त्याने निर्माण केलेल्या मालमत्तेच्या एका वापराचे भाडे? या प्रश्नाचे उत्तर ज्याने ज्या बाजूने दिले किंवा ज्याला जसे द्यावे लागले, त्याप्रमाणे चित्रकारांची आयुष्ये घडली आणि बिघडली आहेत.

दोन वस्तू, एक किंमत

मुखपृष्ठाचे चित्र म्हणजे वस्तुतः दोन वस्तू असतात. एक म्हणजे रंग लावलेला फळा, कागद किंवा कॅनव्हास. ती हातात धरता येते, भिंतीवर टांगता येते. दुसरी म्हणजे त्या चित्राच्या प्रती काढण्याचा हक्क. ती अदृश्य असते, पण खरी कमाई तिच्यातून होते. प्रकाशकाला पुस्तक काढण्यासाठी या दोहोंपैकी फारच थोडे लागते: विवक्षित पुस्तकावर विवक्षित काळ चित्र छापण्याची मुभा. परंतु अमेरिकेतील स्वस्त मासिकांच्या आणि कॉमिक्सच्या धंद्यात अनेक दशके प्रथा अशी होती की, या एका मुभेच्या किमतीत दोन्ही वस्तू कायमच्या प्रकाशकाकडे जात.

चित्रकार हे मान्य का करीत? उत्तर आपल्या शेतकऱ्याला विचारावे. सुगीच्या दिवसांत भाव पडलेला असतो, पुढे तो चढणार हे त्यालाही ठाऊक असते; तरीही तो खळ्यावरच माल विकतो, कारण त्याला थांबता येत नाही. व्यापाऱ्यापाशी गोदाम असते आणि थांबण्याची ताकद असते. मुखपृष्ठकाराची अवस्था याहून वेगळी नव्हती. घरभाडे महिन्याच्या महिन्याला द्यायचे, आणि चित्राची खरी किंमत कळायची ती वीस वर्षांनी. अशा वेळी करार जरी दोघांच्या संमतीने झाला, तरी ती संमती दोन समान शक्तींची नसते.

शिवाय ज्या वस्तूला मोल आहे असे कोणालाच वाटत नव्हते, तिची निगाही कोणी राखली नाही. १९३०च्या दशकातील ‘विअर्ड टेल्स’ या अद्भुतकथांच्या मासिकाची अनेक मुखपृष्ठे मार्गारेट ब्रंडेज या शिकागोच्या चित्रकर्तीने खडूच्या नाजूक रंगांत काढली. सही ‘एम. ब्रंडेज’ अशी असल्यामुळे ती स्त्री आहे, हे पुष्कळ वाचकांना ठाऊकच नव्हते. त्या काळच्या अशा मासिकांची हजारो मूळ चित्रे छपाईनंतर अडगळ म्हणून फेकून दिली गेली.

सुपरमॅनचे एकशेतीस डॉलर

सुपरमॅनची कथा यातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. १९३८ साली जेरी सीगल हा लेखक आणि जो शुस्टर हा चित्रकार या दोघा तरुणांनी सुपरमॅनवरचे आपले सर्व हक्क एकशेतीस डॉलरना लिहून दिले. ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर हिरवी मोटार डोक्यावर उचलून आपटणारा सुपरमॅन शुस्टरनेच काढलेला होता. त्या एका मुखपृष्ठाने एक नवा उद्योग जन्माला घातला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. पुढे हे दोघे हक्कांसाठी न्यायालयात गेले, हरले, आणि ज्या पात्राने जग जिंकले त्याच्या पानांवरून त्यांची नावेही गेली. १९७५ साली सुपरमॅनवर प्रचंड खर्चाचा चित्रपट काढण्याची तयारी सुरू झाली, तेव्हा शुस्टरची दृष्टी जवळजवळ गेलेली होती आणि दोघेही हलाखीत होते.

त्यांच्यासाठी पुढे सरसावले ते दुसरे चित्रकारच. बॅटमॅनच्या मुखपृष्ठांनी नाव मिळवलेला नील ॲडम्स आणि त्याच्या आधीच्या पिढीतला जेरी रॉबिन्सन यांनी वृत्तपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून हा प्रश्न इतका लावून धरला की, अखेर कंपनीने दोघांना प्रत्येकी वर्षाला वीस हजार डॉलर आणि निर्माते म्हणून नामनिर्देश देण्याचे मान्य केले. हा विजय खरा. पण तो हक्काचा नव्हता, लोकलाजेचा होता. कायद्याच्या दृष्टीने कंपनी काहीच देणे लागत नव्हती.

जॅक कर्बीचा अनुभव याच जातीचा. मार्च १९४१ची तारीख असलेल्या ‘कॅप्टन अमेरिका’च्या पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ त्याने जो सायमनच्या सहकार्याने केले. त्यावर कॅप्टन अमेरिका हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतो आहे, आणि अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेलीही नव्हती. पुढे साठच्या दशकात मार्व्हलची बहुतेक नामवंत पात्रे त्याच्या पेन्सिलीतून आकाराला आली. परंतु १९८४ साली आपलीच मूळ पाने परत मागितली, तेव्हा इतर चित्रकारांना दिलेल्या एका पानाच्या करारपत्राऐवजी त्याच्यापुढे चार पानांचे करारपत्र ठेवण्यात आले. बरीच ओरड झाल्यावर १९८७ साली सुमारे दोन हजार पाने त्याला परत मिळाली. कंपनीसाठी त्याने काढलेल्या पानांचा तो लहानसा हिस्सा होता. त्याच्या वारसांचा हक्कांचा दावा तर त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, २०१४ साली, तडजोडीने मिटला.

थांबण्याची ताकद

या पार्श्वभूमीवर फ्राझेटाची कारकीर्द पाहावी. ब्रुकलिनमध्ये १९२८ साली जन्मलेला हा मुलगा आठव्या वर्षी चित्रशाळेत गेला आणि विशीच्या आतच कॉमिक्समध्ये काम करू लागला. पन्नासच्या दशकात त्याने अल कॅप या व्यंगचित्रकाराच्या ‘लिल ॲबनर’ या मालिकेसाठी अनेक वर्षे पडद्याआड राहून चित्रे काढली. मानधन घटवण्याची भाषा निघाली तेव्हा त्याने ते काम सोडले. पण बाहेर आल्यावर दारे बंद असल्याचे त्याला आढळले. दुसऱ्याच्या शैलीत काढण्यात वर्षे गेलेली, स्वतःची शैली जुनाट ठरलेली. साठच्या दशकाच्या आरंभी रॉय क्रेंकेल या मित्रामुळे त्याला एस प्रकाशनाकडून टारझनकर्ता एडगर राइस बरोज याच्या कादंबऱ्यांची मुखपृष्ठे मिळू लागली. मोबदला तुटपुंजा होता, आणि मूळ चित्र परत मिळण्याची हमी नव्हती.

१९६४ साली ‘मॅड’ मासिकासाठी त्याने बीटल्सच्या रिंगो स्टारचे एक विनोदी चित्र काढले. ते पाहून एका चित्रपट कंपनीने त्याला ‘व्हॉट्स न्यू पुसीकॅट’ या १९६५च्या चित्रपटाचे भित्तिचित्र सांगितले. एका दुपारच्या कामाचे त्याला जवळजवळ वर्षाच्या मिळकतीइतके पैसे मिळाले. माझ्या मते त्याच्या पुढच्या यशाची किल्ली येथे आहे. प्रतिभा त्याच्यापाशी आधीही होती. आता प्रथमच त्याच्यापाशी थांबण्याची ताकद आली. नकार देणे परवडू लागले.

१९६६पासून लान्सर प्रकाशनाने रॉबर्ट हॉवर्डच्या ‘कोनन’च्या कथा खिशात मावणाऱ्या आवृत्तीत काढायला घेतल्या. लेखक १९३६ सालीच वारला होता आणि त्याच्या कथा तीस वर्षे मुख्यतः जुन्या वाचकांच्या आठवणीत राहिल्या होत्या. फ्राझेटाने रंगवलेला राकट, जखमांनी भरलेला, सावलीतून उगवल्यासारखा कोनन त्या पुस्तकांवर आला आणि ती लाखांनी खपली. आपण त्या कथा फारशा वाचल्या नव्हत्या, असे फ्राझेटानेच सांगून ठेवले आहे.

यात वाचकाची फसवणूक नाही. मुखपृष्ठाचे कामच वेगळे आहे. स्टॉलवर पुस्तक घेणाऱ्याला आत काय आहे हे कळण्याचे साधन नसते. त्याची नजर एका पुस्तकावर दोन-चार क्षण रेंगाळते. तेवढ्यात तळहाताएवढ्या जागेतून एक संपूर्ण जग त्याच्यापुढे उभे राहिले पाहिजे. वर नावासाठी जागा मोकळी सोडायची, खाली किंमत आणि प्रकाशकाचे चिन्ह येणार हे गृहीत धरायचे, पाच हातांवरून आकृती ओळखू येईल अशी रचना करायची, आणि हे सारे ठरलेल्या तारखेच्या आत. फ्राझेटा तर काम शेवटच्या रात्रीपर्यंत ताणून एका बैठकीत चित्र हातावेगळे करण्याबद्दल प्रसिद्ध होता. पुस्तकाच्या विक्रीतला या कामाचा वाटा मोठा असतो, हे प्रकाशक चांगले जाणतात. मात्र मोबदल्याच्या हिशेबात तो वाटा क्वचितच दिसतो.

फ्राझेटाने दोन अटी धरून ठेवल्या: मूळ चित्र परत मिळाले पाहिजे, आणि छपाईचा हक्क तेवढ्या कामापुरताच. परत आलेल्या अनेक चित्रांवर त्याने पुन्हा हात फिरवला. मुदतीमुळे राहिलेल्या गोष्टी वर्षांनंतर पुऱ्या केल्या. पत्नी एली हिने व्यवहाराची बाजू सांभाळली आणि चित्रांच्या मोठ्या प्रती टपालाने विकण्याचा धंदा उभा केला. काळ्या घोड्यावर बसलेल्या शिरस्त्राणधारी योद्ध्याचे ‘डेथ डीलर’ हे चित्र १९७३ साली एका कथासंग्रहाचे मुखपृष्ठ म्हणून आले. तेच १९७८ साली ‘मॉली हॅचेट’ या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिकेवर गेले, आणि पुढे त्यावर कादंबऱ्याही निघाल्या. एकदा केलेले काम पुनःपुन्हा उत्पन्न देऊ लागते, तेव्हा त्याला अर्थशास्त्रात मजुरी म्हणत नाहीत, भांडवल म्हणतात.

१९६९ साली ‘ईरी’ मासिकासाठी केलेले ‘इजिप्शियन क्वीन’ हे चित्र २०१९ साली लिलावात ५४ लाख डॉलरना गेले. ‘डार्क किंगडम’ हे दुसरे चित्र २०२३ साली ६० लाखांना. मालमत्ता आली की भाऊबंदकीही येते. २००९ साली पेनसिल्व्हानियातील त्याच्या संग्रहालयातील चित्रांवरून मुलांमध्ये तंटा होऊन तो न्यायालयापर्यंत गेला आणि २०१०च्या मे महिन्यात फ्राझेटा वारला त्याच्या थोडाच आधी मिटला. पण भांडायला निदान काही शिल्लक होते!

प्रकाशकाची बाजू

यावर प्रकाशकाचे म्हणणे असे की, जोखीम आम्ही घेतो. दहा पुस्तकांतील आठ बुडतात. त्या आठांचे पैसेही चित्रकाराला मिळालेले असतात. मग चाललेल्या दोहोंचा लाभ आम्ही का सोडावा? हा युक्तिवाद पोकळ नाही. पण जोखमीचा मोबदला म्हणजे पुस्तकावरचा नफा. चित्राच्या प्रत्येक भावी वापरावरची कायमची मालकी नव्हे. आणि प्रकाशक हा हक्कांचा नेहमीच सुरक्षित राखणदार असतो, असेही नाही. लान्सरचे १९७३ साली दिवाळे निघाले. प्रकाशनसंस्था बुडाली, पण कोननची चित्रे बुडाली नाहीत. ती चित्रकारापाशी होती आणि नंतरच्या आवृत्त्यांवर पुन्हा आली.

दुसरा आक्षेप असा की, फ्राझेटा अपवाद होता. अगदी खरे, आणि माझा मुद्दा तोच आहे. जो हक्क मिळवायला असामान्य प्रतिभा, एखाद्या चित्रपटाचे अवचित आलेले पैसे आणि हिशेबात पक्की जोडीदार या तिन्ही गोष्टी लागतात, त्याला हक्क म्हणता येत नाही. ते नशीब झाले. सामान्य चित्रकाराला ते कायद्यानेच मिळाले पाहिजे. अमेरिकेने १९७६च्या कायद्याने, जो १९७८पासून अमलात आला, स्वतंत्र चित्रकाराचे काम आपोआप प्रकाशकाचे ठरण्यावर बंधन घातले. काम ठरावीक नऊ प्रकारांत बसत असेल आणि तसा लेखी करार असेल, तरच ते प्रकाशकाचे. प्रकाशक तसा करार लिहून घेतात हे खरे. पण निदान तो लिहून घ्यावा लागतो.

आपल्याकडे काय?

आपल्याकडेही या कलेची परंपरा मोठी आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवरची रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठे पाहून पुस्तके उचलणारी एक पिढी महाराष्ट्रात होऊन गेली. १९६४ ते १९९० या काळात मराठीतही निघणाऱ्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मध्ये आतला वेताळ अमेरिकेतून येत असे, पण मुखपृष्ठे बी. गोविंद यांच्यासारखे चित्रकार येथे रंगवीत. दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केला, तेव्हा त्यांनी फ्राझेटाच्या प्रश्नाला आणखी एक उत्तर दिले: चित्रकारानेच प्रकाशक व्हावे. ते उत्तर उत्तम. पण प्रत्येक चित्रकाराला पेलणारे नव्हे.

उरलेल्यांसाठी आपला १९५७चा कॉपीराइट कायदा काय म्हणतो? कलम १७ (ब) प्रमाणे एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या रंगचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, ते काढून घेणारा असतो. म्हणजे दोघेही गप्प राहिले तर कायदा प्रकाशकाच्या बाजूने बोलतो. याचे परिणाम दूरवर जातात. हक्क दुसऱ्याला लिहून देताना मुदत नमूद केली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश नमूद नसेल तर तो फक्त भारत, असे संरक्षण कलम १९ने दिले आहे. पण ज्याच्याकडे हक्क मुळात आलाच नाही, त्याला लिहून देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मूळ चित्र दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेल्यास त्या किमतीत दहा टक्क्यांपर्यंत वाटा मागण्याची तरतूद कलम ५३-अ मध्ये आहे. ती मात्र कलाकार कलम १७प्रमाणे पहिला मालक असेल तरच. तेव्हा एकाच पुस्तकाच्या आतल्या मजकुराचा स्वतंत्र लेखक या सर्व संरक्षणाच्या छायेत उभा, आणि त्याच पुस्तकाचे मुखपृष्ठ रंगवणारा उन्हात! नाव लावून घेण्याचा आणि कृतीची विटंबना थांबवण्याचा कलम ५७चा अधिकार त्याला उरतो. तो मोलाचा आहे, पण त्याने घरभाडे भरता येत नाही.

नवे यंत्र, जुना प्रश्न

हा प्रश्न आता केवळ जुन्या चित्रांचा राहिलेला नाही. २०२२पासून शब्दांत वर्णन लिहिताच चित्र काढून देणारी यंत्रे सर्वत्र झाली. ड्रॅगन आणि किल्ले रंगवणारा पोलंडचा चित्रकार ग्रेग रुटकोव्स्की याला तेव्हा आढळले की, असंख्य लोक त्याचे नाव लिहून त्याच्या धाटणीची चित्रे यंत्राकडून मागवीत आहेत. त्याची संमती कोणी विचारली नव्हती. अशा कंपन्यांविरुद्ध अमेरिकेत चित्रकारांनी २०२३ साली दाखल केलेल्या दाव्यात पुढे तोही सामील झाला. निकाल काही लागो. पण यंत्राला शिकवण्यासाठी चित्र वापरण्याची परवानगी उद्या विकत घ्यायची ठरली, तर ती किंमत चित्राच्या मालकाला मिळणार. ज्याने चित्रासह सर्व हक्क कधीच विकून टाकले, त्याच्याच हाताचे वळण उचलून यंत्र त्याचे काम काढून घेईल आणि त्याची भरपाई प्रकाशकाच्या खात्यात जमा होईल.

म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात. एक, कलम १७ (ब) मधून रंगचित्र वगळून लेखकाला लागू असलेला नियमच चित्रकाराला लावावा. प्रकाशकाला अधिक हक्क हवे असतील तर त्याने ते लिहून आणि वेगळी किंमत मोजून घ्यावेत. दोन, कायदा बदलेपर्यंत प्रत्येक मुखपृष्ठकाराने काम घेतानाच दोन ओळी लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात: चित्र या पुस्तकाच्या या आवृत्तीपुरते आहे, मूळ चित्र आणि उरलेले सर्व हक्क चित्रकाराचे आहेत. सचोटीच्या प्रकाशकाला या दोन ओळींची अडचण वाटण्याचे कारण नाही. आणि ज्याला ती वाटेल, तो चित्राच्या किमतीत आणखी काय विकत घेऊ पाहत होता, हे त्याच क्षणी स्पष्ट होईल.